मधल्या वाटेचा मालक कोण?

कारखान्यातलं यंत्र वीस-पंचवीस वर्षं चालतं. तेलपाणी वेळेवर झालं, बेअरिंग आणि बॉलस्क्रू गरजेप्रमाणे बदलले, की भोसरीतलं एखादं सीएनसी लेथ मालकाच्या दुसऱ्या पिढीलाही मायक्रॉनात माप देत राहतं. त्या यंत्राशी बोलणारं सॉफ्टवेअर मात्र एवढं आयुष्य घेऊन येत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी काढून घेतला, विंडोज 7चा 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10चा 14 ऑक्टोबर 2025 रोजी. यंत्र जागेवर आहे, पॅनेलमधला पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, तोच आहे, माल रोज बाहेर पडतो आहे. फक्त त्या पीएलसीचा प्रोग्राम उघडणारं पॅकेज नव्या लॅपटॉपवर बसत नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा म्हणजे अशा निरनिराळ्या वयांच्या यंत्रांचे थर आहेत. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली. साठच्या दशकात टेल्को आली, मग आकुर्डीत बजाज वाढली आणि भोसरीत छोट्या शेड्सची गर्दी झाली. 2009 साली चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने सुरू झाले, पाठोपाठ महिंद्रा आली. प्रत्येक मोठ्या कारखान्याभोवती व्हेंडरांचं एक वर्तुळ तयार झालं आणि त्या वर्तुळात जुनं-नवं शेजारी शेजारी बसलं. नव्वदच्या दशकातला कंट्रोलर असलेली मिलिंग मशीन आणि परवा-परवा बसवलेला रोबो सेल एकाच छताखाली दिसणं इथे नवलाचं नाही. या सगळ्यांची नाडी ओळखणारा माणूस बहुधा एकच असतो: मेंटेनन्सचा किंवा ऑटोमेशनचा इंजिनिअर, हातात एक लॅपटॉप घेतलेला.

त्या एका लॅपटॉपमध्ये अनेक संगणक असतात. वर नवं विंडोज, आणि त्यातल्या एका खिडकीत एक्सपी चालू. या आतल्या संगणकाला हार्ड डिस्क असल्याचा भास होतो, पण ती म्हणजे बाहेरच्या संगणकावरची एक मोठी फाईल असते. नेटवर्क कार्ड, पोर्ट, घड्याळ हे सगळं सॉफ्टवेअरने उभं केलेलं असतं. आतला तो व्हर्च्युअल मशीन, बोलताना व्हीएम किंवा गेस्ट; ज्याच्या जिवावर तो चालतो तो होस्ट. एकाच कंपनीच्या प्रोग्रामिंग पॅकेजच्या दोन आवृत्त्या एकमेकींशी पटवून घेत नाहीत, म्हणून काही जण प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा व्हीएम ठेवतात, काही प्रत्येक ग्राहकासाठी. 2009 साली खुद्द मायक्रोसॉफ्टनेच विंडोज 7च्या वरच्या आवृत्त्यांसोबत 'एक्सपी मोड' नावाचा तयार व्हीएम देऊ केला होता. तेव्हा हा जुगाड वगैरे नाही. जुन्या यंत्राचं आयुष्य वाढवण्याचा तो मान्य मार्ग आहे.

या व्यवस्थेचं समर्थन करताना एकच शब्द वारंवार येतो: वेगळेपणा. जुनं, आजारी विंडोज आत बंद आहे, त्याचा संसर्ग बाहेर येत नाही, म्हणून आपण सुरक्षित. माझं म्हणणं असं की वेगळेपणा हा या व्यवस्थेतला सोपा भाग आहे. पूर्णपणे वेगळा व्हीएम बनवायला अर्धा तास लागतो, आणि त्याचा उपयोग शून्य असतो. त्याला यंत्राचा प्रोग्राम मिळत नाही, त्याने केलेला बदल यंत्रापर्यंत पोचत नाही, बॅकअप बाहेर काढता येत नाही. उपयोग सुरू होतो तो व्हीएम होस्टशी बोलायला लागतो त्या क्षणी, आणि धोकाही नेमका तेव्हाच. म्हणजे खरा निर्णय व्हीएम बसवायचा की नाही हा नसतो. त्याने कुठल्या वाटेने, कुठल्या दिशेने आणि कुणाच्या परवानगीने बोलायचं, हा असतो. बहुतेक ठिकाणी हा निर्णय कुणी घेत नाही. तो काम अडल्यावर आपोआप होऊन जातो.

वाटा कोणत्या, ते आधी पाहू. पहिली नेटवर्कची. तिच्या तीन तऱ्हा असतात. 'होस्ट-ओन्ली'मध्ये व्हीएम फक्त आपल्या होस्टशी बोलतो. 'नॅट'मध्ये तो होस्टच्या आडून बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरचं कुणी सहजासहजी त्याच्यापर्यंत येत नाही. 'ब्रिज्ड'मध्ये तो स्वतःचा आयपी पत्ता घेऊन कारखान्याच्या नेटवर्कवर स्वतंत्र संगणक म्हणून उभा राहतो. पीएलसीला इथरनेटवरून जोडायचं असलं की बहुधा ब्रिज्ड लागतं. काम झाल्यावर ते परत बदलायचं असतं आणि ते राहून जातं. मग ज्या एक्सपीला कोंडून ठेवल्याचं समाधान आपण बाळगतो, तो प्रत्यक्षात शॉप फ्लोअरच्या केबलवर सगळ्यांच्या शेजारी बसलेला असतो.

दुसरी वाट शेअर्ड फोल्डरची. होस्टवरचा एक फोल्डर व्हीएमला दिसतो, फायली इकडून तिकडे जातात. इथे एक खास गुंता आहे. व्हीएम सॉफ्टवेअरची स्वतःची सोय न वापरता नेटवर्कवरून फोल्डर शेअर केला, तर एक्सपीला त्यासाठी एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाईल-शेअरिंग पद्धतीची, पहिली आवृत्ती लागते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर जगभर पसरला आणि रेनॉ-निसानचे कारखाने त्याने थांबवले, तो याच पहिल्या आवृत्तीच्या दोषावर स्वार होऊन. त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून नव्याने बसवलेल्या विंडोज 10 मध्ये ही आवृत्ती मुळात चालू राहणं थांबलं. आता एक्सपीला फोल्डर दिसत नाही म्हणून इंजिनिअर काय करतो? नव्या विंडोजवर ती आवृत्ती हाताने पुन्हा चालू करतो. जुन्याला सांभाळण्यासाठी आणलेल्या व्यवस्थेत नवाच जुन्याइतका दुबळा करून ठेवला जातो.

तिसरी वाट यूएसबी आणि सिरियल पोर्टची. जुन्या कंट्रोलरला प्रोग्राम पाठवायचा तर आरएस-232ची केबल लागते. लॅपटॉपला तो पोर्ट आता नसतो, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लावायचा. केबल खोचली की सॉफ्टवेअर विचारतं, हे उपकरण होस्टला देऊ की व्हीएमला? एकाला दिलं की दुसऱ्याच्या लेखी ते नाहीसं होतं. कन्व्हर्टरच्या बाबतीत हा उत्तम शिस्तीचा नमुना आहे: एका वेळी एकच मालक. पण त्याच खिडकीत पेन ड्राइव्ह व्हीएमला दिला, तर होस्टवरचा अँटीव्हायरस त्याच्याकडे बघतही नाही. व्हायरस ओळखण्याची हल्लीची माहिती कधीच न मिळालेला एक्सपी तो थेट उघडतो.

यापलीकडे कॉपी-पेस्ट आहे, माऊसने फाईल ओढून टाकणं आहे, घड्याळ जुळवणं आहे. घड्याळाची वाट निरुपद्रवी वाटते. पण व्हीएम शुक्रवारी थांबवून सोमवारी पुन्हा चालू केला आणि होस्टकडून वेळ घेण्याची सोय बंद असली, तर तो शुक्रवारच्याच वेळेत जगत राहू शकतो. वाहन उद्योगात प्रत्येक बॅचचा माग ठेवावा लागतो. चुकीच्या वेळेचा शिक्का बसलेली नोंद ऑडिटमध्ये उभी राहत नाही. म्हणजे सगळ्याच वाटा बंद करणं हा शहाणपणा नव्हे. काही वाटा चालू नसल्या तर नुकसान होतं.

व्हीएमला या वाटा मुळात का लागल्या, याचं उत्तर या तंत्राच्या इतिहासात आहे. साठच्या दशकात आयबीएमने एका मोठ्या संगणकाचे अनेक आभासी संगणक करायला सुरुवात केली. 1972 साली ते व्हीएम/370 या नावाने ग्राहकांच्या हाती आलं. 1974 साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी या कल्पनेला सैद्धांतिक पाया दिला. त्यात एक अट अशी होती की आत चालणाऱ्या प्रोग्रामला आपण खऱ्या यंत्रावर आहोत की आभासी, याने मूलतः फरक पडू नये. थोडक्यात, आतल्याला आपण आत आहोत हे कळूच नये. कल्पना देखणी होती. पण आयबीएमच्याच प्रणालीत गेस्टला बाहेरच्या नियंत्रकाशी सरळ बोलता यावं म्हणून 'डायग्नोज' नावाची एक सूचना वापरात होती. भास टिकवून काम करणं महाग पडतं, हे अगदी सुरुवातीलाच लक्षात आलं होतं.

पुढे साध्या पीसीच्या जगात तोच प्रवास पुन्हा झाला. 1999 साली व्हीएमवेअरने पीसीवर व्हीएम आणला तो भास जपूनच. 2003 साली केंब्रिजमधल्या झेन या प्रकल्पाने उलट भूमिका घेतली: गेस्टला सांगून टाका की तू गेस्ट आहेस, आणि त्याला होस्टशी ठरलेल्या पद्धतीने बोलू द्या, वेग वाढतो. 2007 साली केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आलं, त्यानंतर 'व्हर्टिओ' हा अशा उघड संवादाचा सामाईक करार तयार झाला, आणि 2013 साली लिनक्समध्ये 'व्हीसॉक' आलं. त्यात गेस्ट आणि होस्ट यांच्यात नेटवर्क कार्ड, आयपी पत्ता वगैरे काही न मांडता थेट बोलता येतं. होस्टचा क्रमांक कायम 2. रेड हॅटच्या पुण्यातल्या इंजिनिअरांनीही केव्हीएम आणि त्याच्या भोवतालच्या या कामात हात लावला आहे. गेस्ट-होस्ट संवादाचा विचार जिथे झाला ते एक शहर आणि जिथे तो निष्काळजीपणे वापरला जातो तो औद्योगिक पट्टा, यांच्यात फक्त मुळा नदीचा पूल आहे.

या इतिहासातून मला एक धडा दिसतो. भास टिकवण्यासाठी मांडलेली खोटी उपकरणं हीच पुष्कळदा सर्वांत मोठी फट ठरतात. मे 2015 मध्ये 'व्हेनम' नावाचा दोष उघड झाला. तो क्यूईएमयू या प्रणालीच्या आभासी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये होता आणि 2004 पासून तिथे पडून होता. फ्लॉपी जगातून गेली होती, पण आतल्या जुन्या प्रणालीला ती दिसावी म्हणून तिचं सोंग जिवंत ठेवलेलं होतं. त्या सोंगातून गेस्टमधला हल्लेखोर होस्टमध्ये उतरू शकत होता. काही ठिकाणी तर प्रशासकाने फ्लॉपी बंद केली तरी तिच्यामागचा कोड चालूच राहत होता. न वापरलेली वाट बंद केल्याचं समाधान मिळालं, वाट उघडीच.

यावर कुणी म्हणेल, मग उघड, घोषित वाटा वापरा, प्रश्न मिटला. तसंही नाही. मार्च 2025 मध्ये व्हीएमवेअरची मालक असलेल्या ब्रॉडकॉमने तीन दोषांची सूचना काढली आणि प्रत्यक्ष हल्ल्यांत ते वापरले जात असल्याची माहिती असल्याचंही सांगितलं. त्यातला एक दोष व्हीएमसीआय या खास गेस्ट-होस्ट संवादासाठी बनवलेल्या वाटेत होता, आणि दुसरा एचजीएफएसमध्ये, म्हणजे शेअर्ड फोल्डरमागच्या यंत्रणेत. त्याआधी 2016 साली माऊसने फाईल ओढून टाकण्याच्या सोयीतही असाच दोष सापडला होता. तेव्हा कुठलीच वाट स्वभावाने पवित्र नसते. भास असो की उघड संवाद, प्रत्येक वाट म्हणजे काही हजार ओळींचा कोड आणि त्यात कधीतरी सापडणारी चूक. हातात राहतं ते एवढंच: वाटा मोजक्या ठेवणं, आणि कुठली चालू आहे हे माहीत असणं.

आता या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. व्हीएमची भिंत दोन्ही बाजूंनी सारखी नसते. ती होस्टला गेस्टपासून वाचवते. गेस्टला होस्टपासून वाचवण्यासाठी ती बांधलेलीच नाही. होस्टला गेस्टची मेमरी वाचता येते, डिस्कची फाईल उघडता येते, त्याला थांबवता येतं, मागच्या स्थितीत नेता येतं, पुसून टाकता येतं. आपल्याकडची मांडणी मात्र नेमकी उलटी असते. मौल्यवान गोष्ट आत असते: ग्राहकाच्या अख्ख्या लाईनचा पीएलसी प्रोग्राम, टूल ऑफसेट, वर्षानुवर्षं बसवलेले टायमर. बाहेर असतो तो रोजचा लॅपटॉप, ज्यावर मेल येतात, कोटेशन उघडली जातात, रेल्वेचं तिकीट काढलं जातं. रहदारीच्या लॅपटॉपच्या आत तिजोरी ठेवली आहे आणि तिजोरीमुळे लॅपटॉप सुरक्षित आहे असं आपण मानतो.

फेब्रुवारी 2023 मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरने याचं जाहीर प्रात्यक्षिक दिलं. त्याने गेस्टमध्ये शिरण्याची तसदीच घेतली नाही. त्याने व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय प्रणालीवर चालणारे जगभरचे जुने, दुरुस्ती न केलेले होस्ट गाठले आणि व्हीएमच्या फायली कुलूपबंद करायला सुरुवात केली. आत कितीही चांगला अँटीव्हायरस असला तरी त्याला काही कळण्याचं कारण नव्हतं. जुन्या विंडोजला म्हातारपणापासून वाचवायला आणलेला होस्ट स्वतःच म्हातारा होतो, हेही यातून दिसलं. ईएसएक्सआय 6.7चा आधार ऑक्टोबर 2022 मध्ये संपला, 7.0चा ऑक्टोबर 2025 मध्ये. वीस वर्षांचं यंत्र सांभाळायचं तर होस्ट दोन-तीनदा बदलावा लागणार, हे अंदाजपत्रकात कुठे दिसतं?

या मांडणीवर तीन आक्षेप येतात, आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिला आक्षेप: कशाला हवी देवाणघेवाण? नेटवर्कची केबलच काढून टाका. शॉप फ्लोअरवरचे अनुभवी लोक हे म्हणतात आणि त्यामागे शहाणपण आहे. पण 2010 साली सापडलेल्या स्टक्सनेट या व्हायरसने इराणच्या नतांझमधल्या, इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रणेत शिरकाव केला होता. पेन ड्राइव्ह आणि सीमेन्सच्या स्टेप 7 या प्रोग्रामिंग पॅकेजच्या फायली ही त्याची वाट होती. पॅकेज आणि पीएलसी यांच्यामधली एक फाईल त्याने बदलली, त्यामुळे इंजिनिअरला पडद्यावर जे दिसत होतं ते आणि पीएलसीत जे होतं ते वेगळं पडलं. केबल काढली की बोलणं थांबत नाही. ते खिशातून चालू राहतं, आणि खिशातून होणाऱ्या बोलण्याची कुठेच नोंद नसते.

दुसरा आक्षेप: यंत्रच नवं घ्या. हा सल्ला ज्याच्या शेडमध्ये चार यंत्रं आहेत आणि ज्याला ग्राहकाकडून पैसे नव्वद दिवसांनी मिळतात, त्याला देऊन पाहावा. आणि नवं यंत्र घेतलं तरी प्रश्न दहा वर्षं पुढे ढकलला जातो, सुटत नाही. आज चाकणला बसणाऱ्या रोबोचं प्रोग्रामिंग पॅकेजही एक दिवस कुठल्याशा व्हीएममध्येच उघडावं लागेल. पोलादाचं आणि सॉफ्टवेअरचं आयुष्य जुळत नाही, ही या उद्योगाची कायमची स्थिती आहे. तिच्यासह जगायची पद्धत शोधायला हवी.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: आम्ही लहान माणसं, आमच्याकडे कोण येणार? 27 जून 2017 रोजी सुरू झालेला नॉटपेट्याचा हल्ला युक्रेनवर होता. पण त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि तिच्याकडचं न्हावा शेवा बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. निशाण्यावर असणं ही नुकसानीची पूर्वअट नाही. 1 मार्च 2022 रोजी टोयोटाने जपानमधल्या 14 कारखान्यांतल्या 28 लाईन एक दिवस बंद ठेवल्या, कारण कोजिमा इंडस्ट्रीज या प्लॅस्टिकचे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरची संगणकयंत्रणा कोसळली होती. शिरकाव झाला होता त्याच्या उपकंपनीच्या एका रिमोट जोडणीतून. 2025 च्या सप्टेंबरात टाटा मोटर्सच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचं उत्पादन महिनाभराहून जास्त थांबलं. ब्रिटनच्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने त्या देशाचं नुकसान सुमारे 1.9 अब्ज पौंड धरलं आणि 5,000 हून अधिक संस्थांना झळ लागल्याचं सांगितलं. कोजिमात लहानाने मोठ्याला थांबवलं, जॅग्वारमध्ये मोठ्याने लहानांना. आपला पट्टाही तासाच्या हिशेबाने माल पोचवणाऱ्या व्हेंडरांवर चालतो, तेव्हा दोन्ही उदाहरणं आपलीच समजावीत.

मग करायचं काय? यासाठी परदेशी सल्लागार बोलावण्याची गरज नाही. एमआयडीसीतला प्रत्येक कारखाना हे काम दुसऱ्या रूपात रोज करतो: गेटवर. डाय दुरुस्तीला बाहेर पाठवायची तर रिटर्नेबल गेटपास बनतो, परत न येणाऱ्या मालाला नॉन-रिटर्नेबल. त्यावर काय जातंय, किती, कुठे, का, परत कधी येणार आणि सही कुणाची, हे लिहिलेलं असतं. मुदत टळली की स्टोअरचा माणूस विचारतो. चौदा किलोच्या डायला कागद लागतो, आणि अख्ख्या लाईनचा प्रोग्राम असलेली व्हीएमची फाईल पेन ड्राइव्हवर घालून सर्व्हिस इंजिनिअर कुणाला न विचारता गेटबाहेर पडतो. तपासणीत बॅग उघडली तरी पेन ड्राइव्हमध्ये काय आहे हे वॉचमनने कसं ओळखावं?

गेटपासवरचे तेच प्रश्न व्हीएमच्या प्रत्येक वाटेला लावता येतात. दिशा: बॅकअप फक्त आतून बाहेर यायचा असेल, तर आत जाणारा फोल्डर फक्त वाचण्यापुरता ठेवता येतो. सुरुवात: होस्टने विचारल्यावर गेस्टने उत्तर द्यायचं, की गेस्टने केव्हाही हाक मारायची? कारण: ब्रिज्ड नेटवर्क कुठल्या पीएलसीसाठी उघडलं? मुदत: ते परत होस्ट-ओन्ली कधी होणार? आणि नाव: हे कुणाच्या सांगण्यावरून? कॉपी-पेस्टसारखी सोय तर गरज पडेपर्यंत बंदच असावी. व्हीएमवेअरनेही व्हीस्फिअर 4.1 पासून सर्व्हरवरच्या व्हीएममध्ये ती मुळात बंद ठेवली. औद्योगिक सुरक्षेचं आयईसी 62443 हे आंतरराष्ट्रीय मानकही हीच भूमिका घेतं: यंत्रणेचे विभाग पाडा, आणि दोन विभागांमधली प्रत्येक जोडणी ही स्वतंत्र वस्तू समजून तिची नोंद आणि रक्षण करा. त्यातला दुसरा अर्धा भाग आपण विसरतो.

गंमत अशी की हा विचार या पट्ट्यातल्या वाहन उद्योगाला अनोळखी नाही. तो त्याच्या मालात असतो. हल्लीच्या अनेक गाड्यांमध्ये चालकासमोरचा स्पीड दाखवणारा पडदा आणि मधला गाणी-नकाशांचा पडदा एकाच चिपवर, पण दोन वेगळ्या व्हीएममध्ये चालतात. गाण्यांची बाजू अडकली तरी वेग दिसणं थांबता कामा नये. वाहनांच्या कार्यात्मक सुरक्षेच्या आयएसओ 26262 या मानकात याला नाव आहे: एकाच्या बिघाडाची दुसऱ्याच्या कामात लुडबुड होऊ न देणं. तिथे दोन्ही बाजूंनी काय बोलायचं, किती मेमरी सामाईक वापरायची, कुणी कुणाला काय मागायचं, याचा कागद आधी तयार होतो आणि मग कोड. हिंजवडीत बसून आपलेच इंजिनिअर असे कागद लिहितात. गाडीच्या आतल्या दोन व्हीएमना जी शिस्त लावतो, ती गाडीचे भाग बनवणाऱ्या शेडमधल्या व्हीएमला लावत नाही, याला तांत्रिक अडचण म्हणता येणार नाही. गाडीत चूक झाली तर जबाबदार कोण हे ठरलेलं आहे. शेडमध्ये ठरलेलं नाही. सगळा फरक तिथून पडतो.

म्हणून हा प्रश्न आयटीवाल्याकडे ढकलणं मला पटत नाही. पुष्कळ छोट्या कारखान्यांत आयटीवाला म्हणजे महिन्यातून एकदा येणारा, टॅली आणि प्रिंटर बघणारा माणूस असतो. त्याला पीएलसी माहीत नसतो, आणि ज्याला पीएलसी माहीत असतो त्याला नेटवर्कची सेटिंग ही आपली जबाबदारी वाटत नाही. व्हीएमची वाट नेमकी या दोघांच्या मधून जाते. उत्पादनाची जबाबदारी असलेल्या माणसाने ती आपल्याकडे घ्यायला हवी, कारण ती बंद पडली किंवा बिघडली तर लाईन त्याची थांबणार आहे.

खर्चाचाही प्रश्न आहे, आणि तो एकट्या व्हेंडरवर टाकणं अन्याय्य ठरेल. मोठ्या कंपन्या पुरवठादाराकडून आयएटीएफ 16949चं प्रमाणपत्र मागतात. जर्मन साखळीत काम करायचं तर 2017 पासून टिसॅक्स नावाचं माहिती-सुरक्षेचं मूल्यमापन आलं आहे. सरकारच्या सर्ट-इनने एप्रिल 2022 मध्ये सायबर घटना कळवायला सहा तासांची मुदत घातली. मागण्या वरून खाली उतरतात. त्यासाठी लागणारा पैसा आणि माणूस त्याच वेगाने खाली येत नाही. दहा व्हेंडरांचा एकच ग्राहक असेल, तर त्याने आपला एक प्रशिक्षित माणूस या दहा जणांकडे आळीपाळीने पाठवणं त्याच्या स्वतःच्या फायद्याचं आहे. टोयोटाचा एक दिवस आठवला की हिशेब लगेच पटतो. आयटीआय आणि डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात पीएलसीची शिडी-आकृती शिकवतात; त्याच तासाला ब्रिज्ड आणि होस्ट-ओन्ली यातला फरक शिकवायला वेगळं दालन लागत नाही.

सुरुवातीला तर पैसाही लागत नाही. पट्ट्यात अनेक ठिकाणी गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. लाईन बंद असलेल्या एखाद्या गुरुवारी कारखान्यातले सगळे व्हीएम कागदावर उतरवावेत. प्रत्येकापुढे त्याच्या चालू असलेल्या वाटा लिहाव्यात, आणि प्रत्येक वाटेपुढे एका माणसाचं नाव. ज्या वाटेपुढे नाव लिहिता येत नाही, ती त्याच दिवशी बंद करावी. काम खरंच अडलं, तर शुक्रवारी पहिल्या शिफ्टला तिचा मालक आपल्या पायांनी चालत येईल. त्याचं नाव आणि कारण लिहून घेऊन, तेवढ्यापुरती आणि तेवढ्याच दिवसांसाठी ती पुन्हा उघडावी. आणि कुणीच आलं नाही, तर ती वाट आजवर कोण वापरत होतं, याची चौकशी मात्र त्याच आठवड्यात करावी.